नाताळचा केक आणि जूनची फी

मंडळी, नाताळला अजून वेळ आहे, म्हणूनच हे आत्ता टंकतोय. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलं तर उपयोग नाही. तोवर केकची ऑर्डर गेलेली असते, बस ठरलेली असते आणि सांताक्लॉजच्या दाढीचा कापूसही आणून झालेला असतो.

तर मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. चर्चच्या महिला मंडळांनी बालगृहात जाऊन नाताळ साजरा करणं बंद करावं. एक वर्ष, दोन वर्षं नाही, कायमचं. आणि त्याच बायकांनी, त्याच पैशांत, उरलेले अकरा महिने तिथे जावं. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा लेख म्हणजे 'का' आणि 'कसं'.

थोडी पार्श्वभूमी. मी मराठी ख्रिस्ती. मूळ गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं), शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नोकरी पुण्यात, आणि विकांताला हे असं लिहिणं. आडनाव अस्सल मराठी असल्यामुळे ऑफिसात ही गोष्ट उशिरा कळते आणि कळली की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे घरी इंग्लिश बोलता का?" नाही हो. घरी मराठीच बोलतो, मराठीतच भांडतो आणि प्रार्थनाही मराठीतच करतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. तेव्हापासून तिकडे चर्च आहे, शाळा आहेत, बोर्डिंग आहेत. आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून 'मंडळी' म्हणतात. तेव्हा लेखात मंडळी म्हटलं की तुम्ही की चर्च, ते संदर्भाने समजून घ्या :)

माझी आई महिला मंडळात आहे. आजी होती. काकू, मावशी, शेजारच्या सुवार्ताबाई, सगळ्या आहेत. म्हणजे मी हे बाहेरून बोलत नाही. आणि पुण्याजवळच्या एका बालगृहात गेली काही वर्षं हिशेबाच्या एंट्र्या करायला जातो, म्हणजे आतली बाजूही बघतोय. नाव सांगणार नाही, कारण माझी तक्रार त्या संस्थेबद्दल नाही.

त्या हिशेबाच्या वह्या बघितल्या की आमच्या धंद्यातला एक प्रकार आठवतो. सर्व्हरवर वर्षातून एक दिवस इतका लोड येतो की तो बसतो, आणि उरलेलं वर्ष त्याला कोणी पिंगसुद्धा करत नाही. डिसेंबरचं पान भरगच्च: बिस्किटं, केक, चॉकलेटं, खेळणी, चादरी, पुन्हा केक. जूनचं पान कोरडं. आता जून म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वह्या, गणवेश, दप्तर, रेनकोट, बसचा पास, दहावी झालेल्याची अकरावीची फी. ताप, खोकला, खरूज हेही पावसाबरोबरच येतं. खर्च जूनचा आणि दान डिसेंबरचं, असा हा हिशेब. मधले सहा महिने संस्थेने काय करायचं? किराणा दुकानदाराची उधारी, दुसरं काय.

आता डिसेंबरच्या त्या दिवशी काय होतं ते बघा. सकाळी अकराला एक गट येतो, दुपारी तीनला दुसरा, संध्याकाळी तिसरा (हा बहुतेक आमच्यासारख्या आयटीवाल्यांचा, टी-शर्ट छापून आलेला). प्रत्येक गटाला मुलांनी गाणं म्हणून दाखवायचं. प्रत्येक गटाचा केक खायचा. प्रत्येक गटाबरोबर फोटो. एखादं पोरगं कोपऱ्यात बसून राहिलं तर "अरे, हस ना!" असा आग्रह. काळजीवाहक ताई दिवसभर खुर्च्या लावतात आणि उचलतात. रात्री चार मुलांना उलट्या होतात, त्या पुसायलाही त्याच ताई. पाहुणे तोवर घरी पोचून फोटो व्हॉट्सअॅपवर टाकत असतात.

फोटोंबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीतच नसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख, फोटो, पत्ता, शाळा प्रसिद्ध करण्याला बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमाचा रोख चौकशी आणि खटल्यांच्या बातम्यांवर आहे, पण त्यामागचा विचार आपल्यालाही लागू होतोच. ज्या मुलीला बापापासून लपवून ठेवण्यासाठी बालकल्याण समितीने तिथे पाठवलंय, तिचा चेहरा आणि संस्थेची पाटी एकाच फोटोत घेऊन आपण गावभर वाटतो. आणि खाली लिहितो, 'छोट्या देवदूतांसोबत'.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "अरे, निदान त्या काहीतरी करतायत ना? तू काय करतोस?" हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. ज्याला गरज आहे त्याच्या सोयीने केलेली मदत आणि देणाऱ्याच्या सोयीने केलेली मदत यांत फरक असतो, आणि तो कॅलेंडरवर दिसतो. घरात आजारी माणूस असेल तर आपण त्याला 'माझ्या सोयीने डिसेंबरमध्ये येतो' असं सांगतो का?

पण माझा खरा राग त्या बायकांवर नाहीच. राग आहे तो त्यांचा असा वापर करणाऱ्या पद्धतीवर.

महिला मंडळ ही काय चीज आहे हे आधी समजून घ्या. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पंचवीस-तीस-चाळीस बायका जमतात. पाऊस असो, लग्नसराई असो, सभा होते. हजेरी असते, इतिवृत्त असतं, खजिनदार असते आणि तिच्याकडची वही पैशापैशाला जुळते. त्यांत निवृत्त नर्स असते (आमच्या समाजात तर हमखास), शिक्षिका असतात, शिवणकाम करणारी असते, बँकेतून निवृत्त झालेली असते, शंभर माणसांचा स्वयंपाक न घाबरता करणारी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच बायका वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथेच असतात. आमच्यासारखा स्वयंसेवक उत्साहाने दोन महिने येतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याचा रिलीज येतो, नाहीतर ऑनसाइट लागतं. मुलगा ज्याला 'दादा' म्हणायला लागलेला असतो तो दादा गायब. महिला मंडळ गायब होत नाही. कुठल्याही बालगृहाला पैशापेक्षा जास्त हवी असते ती हीच वस्तू: टिकणारी माणसं.

अशा यंत्रणेला बहुतेक मंडळ्यांनी काय काम दिलंय? चहा-नाश्ता. पाळकांचा निरोप समारंभ, कापणीच्या सणाचं जेवण, अधिवेशनाच्या पाहुण्यांची सोय. पैसे बायकांनी लोणची-पापड विकून, साड्यांचं प्रदर्शन भरवून गोळा करायचे आणि ते कुठे खर्च करायचे हे कमिटीतल्या पुरुषांनी ठरवायचं. मग त्या पैशांतून बालगृहाला काय मिळतं? एक वॉटर कूलर, त्यावर देणगीदार मंडळीचं नाव, उद्घाटनाला फीत. दोन वर्षांनी कूलर बंद पडतो, कारण त्याच्या दुरुस्तीला कोणी देणगी देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. नवीन फीचरला बजेट मिळतं, मेंटेनन्सला कोणी विचारत नाही. पण मुलं वाढवणं हे काम म्हणजे शंभर टक्के मेंटेनन्स आहे. रोज भात लागतो. रोज.

"बायकांना एवढं जमेल का" असं विचारणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. लांब जायला नको, पुणे जिल्ह्यातच या.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं. तिथे त्यांनी पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, आणि बालविधवांच्या शाळेसाठी मदत मागितली. आता मागायची पद्धत बघा. एकदाच मोठा चेक द्या, असं नाही. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाची छोटी मंडळं उभी राहिली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षं द्यायचा. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिनेही दहा वर्षांची जबाबदारी घेतली. अध्यक्ष एका पंथाचे धर्मगुरू, उपाध्यक्षांमध्ये दुसऱ्या पंथाचे. भांडणारे पंथ एका कामासाठी एका कागदावर आले. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवा मुलींपैकी एक म्हणजे गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. म्हणजे कुठल्यातरी अमेरिकन गावातल्या बाईच्या वर्षाकाठच्या एका डॉलरचा धागा थेट हिंगण्यापर्यंत येतो.

नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन वाढलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्याच बायकांनी चालवलं. केडगावचं काम आजही चालू आहे. मला यातली रमाबाईंची विद्वत्ता तर मोठी वाटतेच, पण इंजिनिअर म्हणून जास्त आवडतो तो 'दहा वर्षं' हा शब्द. दहा वर्षांची खात्री असेल तर माणूस पहिलीतल्या मुलीला शाळेत घालू शकतो. एका नाताळच्या खात्रीवर फक्त केक कापता येतो.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं, मिझोरामचं. तिथल्या चर्चमधल्या बायका १९१० च्या सुमारापासून एक पद्धत पाळतात: स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवायची. नाव 'बुहफाइ थाम'. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्या मुठींचे आज कोट्यवधी रुपये होतात. शंभरहून जास्त वर्षं हे चाललंय आणि गरिबातली गरीब बाईही त्यात आहे, कारण मूठभर तांदूळ कोणालाही काढता येतो. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड केला तो याच जातीचा. म्हणजे कल्पना परकी नाही. आपण ती विसरलोय, कारण मुठीचा फोटो चांगला येत नाही.

बरं, मग करायचं काय? आकडेमोड करू. चाळीस बायका, महिन्याला प्रत्येकी तीनशे रुपये. एका पिझ्झ्याचे पैसे (हे तुमच्यासाठी, आईसाठी दोन किलो साखर आणि थोडं तेल). महिन्याला १२,००० झाले, वर्षाला १,४४,०००. यात इमारत उभी राहत नाही, हे खरं. पण रात्रपाळीच्या एका ताईच्या पगाराचा मोठा भाग निघतो, आणि रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या मुलाला इमारतीपेक्षा ताई लागते. देणगीदारांना पगाराला पैसे द्यायला आवडत नाही, 'ॲडमिन खर्चात जातात' म्हणतात. अहो, मुलाला सांभाळणं हाच तर तिथला मुख्य खर्च आहे!

पैशाच्या आधी मात्र कागद बघा. बालगृहाची बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी आहे का, तिची मुदत कधी संपते, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आहेत का, मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आलीत का. नोंदणी नसलेली संस्था चालवणं हा गुन्हा आहे. 'आपल्याच माणसाची संस्था आहे, आपल्याच विश्वासातली आहे' म्हणून हे प्रश्न टाळू नका. उलट आपली आहे म्हणूनच जास्त विचारा. जी संस्था हे प्रश्न ऐकून चिडते तिला एक रुपया देऊ नका आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. महिला मंडळाच्या खजिनदारबाईंना बसवा त्या हिशेबासमोर, दहा मिनिटांत सांगतील काय खरं आणि काय नाही.

मग माणसं. चाळीसच्या चाळीस बायकांनी जायची गरज नाही. चार बायका, महिन्याचे ठरलेले दोन शनिवार, आणि निदान तीन वर्षं त्याच चार. संस्थेने सांगितलेली पडताळणी करून घ्यायची, मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, मुलाला 'तुझे आईवडील कुठे गेले' हे विचारायचं नाही. निवृत्त नर्सबाईंनी दर महिन्याला वजन-उंचीची नोंद, डोळे-दात बघणं, औषधांची मुदत तपासणं. शिवणवाल्या मावशींनी मुलींना बसतील असे कपडे (जुने कपडे देऊ नका हो, ढीग पडलाय). शिक्षिकेने दोनच मुलं घ्यावीत, वाचायला न येणारी, आणि ती वाचायला लागेपर्यंत सोडू नयेत. सॅनिटरी पॅडचा पुरवठा बारा महिने. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. कंटाळवाणं आहे म्हणूनच ते कोणी करत नाही.

आता जरा नाजूक विषय. ख्रिस्ती बायका आणि बालगृह म्हटलं की तुमच्यातल्या काहींच्या मनात एक शब्द आलाच असणार, धर्मांतर. लपवून काय उपयोग? हा वाद शारदा सदनातही झाला होता. १८९३ साली त्यावरूनच रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. मला इथे दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणायचंय. आमच्या बाजूला हे: बालगृहातलं मूल 'नाही' म्हणू शकत नाही. जेवण, अंथरूण, शाळा सगळं ज्यांच्या हातात, त्यांनी प्रार्थनेला बस म्हटलं की ते बसतं. अशा मुलाकडून घेतलेल्या होकाराला काही किंमत नाही, देवाच्या दारी तर नाहीच नाही. बिस्किटाच्या पुड्याबरोबर पत्रिका वाटू नका. अहवालात 'इतक्या मुलांनी गाणी म्हटली' हे मोजू नका. मुलाचा जो धर्म आहे त्याची दिवाळी, त्याची ईद नीट होते की नाही ते बघा. आणि दुसऱ्या बाजूला हे: संशय असेल तर येऊन नोंदवही बघा, आणि बघून झालं की महिन्याचे दोन शनिवार तुम्हीही घ्या. नुसता संशय घेऊन कोणाच्या पोटात भात जात नाही.

आता सगळ्यात कडू भाग. चांगल्यात चांगल्या बालगृहापेक्षाही बरं काय, तर मुलाने तिथे यावंच न लागणं.

आपण 'अनाथ' म्हणतो, पण बालगृहातल्या कितीतरी मुलांची आई किंवा बाप जिवंत असतो. आई विधवा, धुणीभांडी करते, पोराला दिवसभर ठेवायला जागा नाही. आईबाप ऊसतोडीला सहा महिने बाहेर. बाप दारूत. म्हणजे बरीच मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे. कायदासुद्धा हेच म्हणतो: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आणि विज्ञानही. २००० च्या सुमारास रोमानियात बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान मुलं घेऊन एक अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं, निम्म्यांना नेहमीच्या व्यवस्थेत. २००७ साली 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष आले: कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ बरीच चांगली झाली, आणि जितक्या लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेली, तितकी जास्त. कारण समजायला डॉक्टर व्हायला नको. तान्ह्या मुलाला एकच चेहरा परत परत दिसावा लागतो. पाळ्या बदलणाऱ्या ताया कितीही प्रेमळ असल्या तरी तो एक चेहरा होत नाहीत.

मग महिला मंडळ इथे काय करणार? खूप काही. कुठल्या गल्लीत कोण विधवा झाली, कोणाच्या घरात पोरं उपाशी आहेत, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आधी त्यांना कळतं. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाखाली पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात, ते मूल आपल्या घरी राहत असताना. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, मुलाचं बँक खातं, आधार, झेरॉक्सच्या चार प्रती आणि कचेरीत पाच हेलपाटे. रोजंदारीवरची बाई पाच दिवसांची मजुरी बुडवून हे कसं करणार? ती हताश होते आणि मूल बालगृहात जातं. तिच्याबरोबर निवृत्त बँकवाल्या काकू गेल्या तर? ज्या काकूंनी तीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बसून अर्ज तपासले त्यांना कचेरीतला बाबू काय परत पाठवणार! अशा पाच आया, पाच अर्ज, वर्षभरात. पाच मुलं घरीच राहिली. याचा फोटो येत नाही, उद्घाटन होत नाही, आणि ज्या संस्थेचं अनुदान डोक्यावर मोजून मिळतं तिला हे फारसं आवडणारही नाही. तरीही वर्षभरातलं सगळ्यात मोठं काम हेच ठरेल.

आणि जी मुलं बालगृहातच वाढली त्यांचं काय? अठरा पूर्ण झाली की कायद्याने ती 'बालक' राहत नाहीत. अनुरक्षणाची तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून आणखी थोडं. पण तरतूद वेगळी आणि घर वेगळं. विचार करा, तुम्ही अठराव्या वर्षी काय होता? मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मेसचे पैसे कसे भरायचे हे आईला फोन करून विचारावं लागायचं. या मुलांना फोन करायला कोणी नाही. खोलीचं डिपॉझिट कोण देणार, भाडेकरारावर ओळख कोणाची, पहिल्या पगारात कोणी फसवलं तर सांगायचं कोणाला?

मुलींचं तर विचारूच नका. लग्न ठरलं की सासरचे विचारतात, "माहेर कुठलं?" आपल्याकडे मुलगी कितीही शिकली तरी पहिलं बाळंतपण माहेरी, दिवाळसण माहेरचा, भांडण झालं तर पाठराखण माहेरची. ज्या मुलीला माहेर नाही तिच्याशी कसंही वागलं तरी चालतं, हे वाईट सासर पहिल्या महिन्यात शिकतं. चाळीस बायका एका मुलीचं माहेर झाल्या तर? सणाला बोलावणं, डोहाळजेवण, बाळंतपणाचे चाळीस दिवस कोणाच्या तरी घरात, आणि सासूने हात उगारला तर रिक्षा करून दारात उभ्या राहिलेल्या सहा काकू. हे काम ना सरकार करू शकतं, ना सीएसआर, ना मी. हे फक्त महिला मंडळ करू शकतं. त्यांना आपण केक कापायला पाठवतोय, म्हणून माझा जीव जळतो.

आता आपल्याविषयी, म्हणजे लॅपटॉपवाल्या मंडळींविषयी. तुम्ही ख्रिस्ती असा-नसा, तुमच्या आईचं भजनी मंडळ असेल, भिशी असेल, सोसायटीचं हळदीकुंकू असेल. वरचं सगळं त्यांनाही लागू. आपण काय करायचं? पुढाकार त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाही, ही पहिली अट. 'मी एक ॲप बनवतो' असं म्हणायचं नाही, ही दुसरी. एक साधी स्प्रेडशीट करून द्या. ज्यांना चालतं त्यांच्या फोनवर यूपीआय ऑटोपे लावून द्या, ज्यांना नाही त्यांचं वहीत चालू दे. योजनांचे अर्ज छापून द्या. तुमची कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी रक्कम घालत असेल तर ती रांग तुम्ही लावा. आणि डिसेंबरमध्ये टीमने 'ऑर्फनेज व्हिजिट' काढली की मेलला उत्तर द्या: तेच पैसे जूनच्या फीसाठी पाठवूया, आणि त्या दिवशी सगळ्यांनी ऑफिसात काम करूया. दोन जण चिडतील. चिडू दे.

नाताळ मुलांनी साजरा करू नये असं नाही हं. करावा, त्यांच्या त्यांनी, त्यांच्या तायांबरोबर, हवं ते गाणं लावून, कॅमेऱ्याशिवाय. पैसे पाठवा, सामान पाठवा, फक्त आपण जाऊ नका.

आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहिलंयस बरं, पण आमच्या कमिटीपुढे तू येऊन बोल." जाणार आहे. सप्टेंबरच्या सभेत विषय घ्यायचा ठरलंय: डिसेंबरची बस रद्द, आणि तीन वर्षांसाठी महिन्याला तीनशे, कोण कोण? बघू किती हात वर होतात. तुमच्याकडे कोणी असं काही चालवत असेल तर मला जरूर कळवा, विशेषतः अर्जांच्या कामातला अनुभव असेल तर. खूप लांबलं, असो. सोमवारी लवकर डिप्लॉयमेंट आहे, झोपतो.